दुपारचा खळगा आधी, संध्याकाळचं शिखर नंतर: वीज संचांचं शेड्यूल कसं लावायचं

राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यातली वीजनिर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळवणाऱ्या केंद्रात, किंवा वितरण कंपनीच्या वीज खरेदी विभागात नवीन आलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा पडते ती एमओडीची, म्हणजे मेरिट ऑर्डरची यादी. सगळ्यात स्वस्त संच, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, वर, महाग खाली. ती पाहिली की काम सोपं वाटतं: वरून एकेक संच घेत जायचं, मागणी भरली की थांबायचं. एका क्षणापुरतं ते बरोबरही आहे. पण शेड्यूल म्हणजे कोणत्या संचाने कधी किती वीज द्यायची याचं वेळापत्रक; त्यात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात, आणि एका ब्लॉकला हवा असलेला संच पुढच्या ब्लॉकला खिशात घालून ठेवता येत नाही. कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा चालू करू म्हणणारा माणूस पहिल्याच आठवड्यात शिफ्ट इन्चार्जची बोलणी खातो.

पुढे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र, मुंबईतलं पश्चिम विभागीय केंद्र आणि दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र अशी वरची उतरंड आहे. पद्धत इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने हीच.

पायरी १: मागणीची रेघ काढा, मग तिच्यातून सौर वजा करा

कालचा दिवस, गेल्या आठवड्यातला हाच वार आणि गेल्या वर्षीचे हेच दिवस, या तीन रेघा एकावर एक ठेवा. वार महत्त्वाचा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे पुणे परिमंडळाचा गुरुवार बुधवारासारखा नसतो. त्यानंतर हवामान. एप्रिलमध्ये विदर्भात दुपारी अवकाळी पाऊस आला तर कूलर आणि एसी एकदम बंद होतात, वाऱ्यामुळे काही फीडरही जातात, आणि तासाभरात शेकडो मेगावॅट मागणी गायब होते. उन्हाळ्यात राज्याची एकूण मागणी ३०,००० मेगावॅटच्या घरात जाते, म्हणजे अंदाज दोन टक्क्यांनी चुकला तरी ६०० मेगावॅट.

शेतीपंपांचं वेगळं पाहा. पूर्वी कृषी फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळायची, आणि कोणत्या गटाला कधी, हे आपल्याच हातात असल्यामुळे मागणीच्या रेघेला हवा तसा आकार देता यायचा. आता सौर कृषी वाहिनी योजनेमुळे हा भार हळूहळू दिवसाकडे सरकतो आहे. जुन्या वर्षांची रेघ डोळे मिटून वापरू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

मागणीतून सौर आणि पवन वजा केली की जी रेघ उरते तिला आपल्याकडे सरळ 'नेट लोड' म्हणतात. शेड्यूल लावायचं ते या रेघेवर. सौर, पवन, साखर कारखान्यांची चिपाडावरची सहवीज आणि तारापूरची अणुवीज यांना मेरिट ऑर्डरमध्ये बसवत नाहीत. त्या आधी घ्यायच्या. तारापूर स्वस्त-महाग म्हणून कमी-जास्त करायचा प्रकार नाही, ते सपाट चालतं असं धरून पुढे जा.

पायरी २: प्रत्येक संचाचा खरा आवाका लिहून काढा

नामफलकावर ५०० मेगावॅट लिहिलं म्हणून शेड्यूलमध्ये ५०० लिहायचे नाहीत. संचाचे स्वतःचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या मिल्स यांना पाच-सात टक्के वीज लागते. बसबारवर, म्हणजे केंद्रातून वीज बाहेर पडते त्या जागी, येते ती त्याच्या खालची, आणि शेड्यूल लागतं ते बसबारवरच्या विजेचं. त्यातून कोळसा ओला असेल, एखादी मिल दुरुस्तीला असेल, तर त्या दिवशीची जाहीर क्षमता आणखी कमी. वीजकेंद्र ती ब्लॉकनिहाय कळवतं. तिला सगळे डीसी म्हणतात.

प्रत्येक संचासमोर चार गोष्टी लिहा: आज जास्तीत जास्त किती, कमीत कमी किती, मिनिटाला किती चढतो-उतरतो आणि बंद केला तर परत यायला किती वेळ. किमतीचा रकाना पाचवा. तो पहिला का नाही, ते पुढच्या पायरीत कळेल.

कोळशाच्या संचाचा तांत्रिक किमान भार साधारण ५५ टक्के धरतात. त्याच्या खाली बॉयलरमधली ज्योत अस्थिर होते, तेल जाळून आधार द्यावा लागतो, आणि तेलाचा युनिटमागे खर्च पाहिला की मेरिट ऑर्डरचा सगळा हिशेब वाया जातो. हा किमान भार टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत आणायचे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे नियम २०२३ मध्ये आले आहेत, पण आज तुमच्यासमोरचा संच किती खाली येतो ते त्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूमला विचारा.

चढण्याचा वेग कागदावर मिनिटाला एक टक्का. म्हणजे ५०० च्या संचाला मिनिटाला पाच मेगावॅट, एका ब्लॉकमध्ये ७५. प्रत्यक्षात ५५ टक्क्यांवरून वर येताना बंद ठेवलेल्या मिल्स एकेक करून घ्याव्या लागतात. एक मिल नीट बसेपर्यंत भार तिथेच रेंगाळतो आणि मग उडी मारतो. आलेखात सरळ चढण दिसते, प्रत्यक्षात पायऱ्या असतात.

बंद केलेला कोळसा संच गरम असेल तर काही तासांत परततो. दोन-तीन दिवस थंड पडला असेल तर अर्धा दिवस सहज जातो. उरणचे गॅस टर्बाइन त्यामानाने चटकन येतात, फक्त गॅस मिळाला पाहिजे. कोयनेचं यंत्र काही मिनिटांत ग्रिडवर येतं.

पायरी ३: आधी दुपार बघा

नवीन माणूस संध्याकाळच्या शिखराकडे पाहून संच निवडतो. अनुभवी माणूस आधी दुपारी एकचा ब्लॉक उघडतो. कारण सौर वीज आल्यापासून नेट लोडचा तळ मध्यरात्रीनंतर नाही, भर दुपारी असतो. आणि चालू ठेवलेला प्रत्येक कोळसा संच त्या तळातून ५५ टक्क्यांवर जिवंत बाहेर आला पाहिजे.

एक काल्पनिक वितरण कंपनी घेऊ. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी बनवलेले आहेत, सगळे बसबारवरचे.

कोळसा संच असे: 'क' गटात ६६० चे पाच, म्हणजे ३,३०० मेगावॅट, युनिटला २.४० रुपये. 'ख' गटात ५०० चे चार, २,००० मेगावॅट, ३.१० रुपये. 'ग' गटात २१० चे सहा, १,२६० मेगावॅट, ३.९० रुपये. एकूण ६,५६०. शिवाय १,००० मेगावॅट जलविद्युत आणि अणु व सहवीज मिळून सपाट ६००.

पहाटे तीनला मागणी ६,०००. सपाट ६०० वजा केले की ५,४०० उरतात. दुपारी एकला मागणी ८,०००, पण सौर ४,२००, उरतात ३,२००. संध्याकाळी साडेसातला मागणी ८,६००, सौर शून्य, उरतात ८,०००.

संध्याकाळ पाहिली तर सगळे संच हवेत, आणि जलविद्युत पूर्ण धरूनही बाजारातून ४४० घ्यावे लागतात. दुपार पाहिली तर सगळ्या कोळसा संचांचा किमान भार ६,५६० चे ५५ टक्के, म्हणजे ३,६०८. गरज ३,२०० ची. ४०८ मेगावॅट जास्त. हे कुठे घालायचे?

दोन रस्ते आहेत. पहिला, 'ग' गटातले चार संच बंद ठेवायचे. किमान भार ३,१४६ वर येतो आणि दुपार बसते, पण संध्याकाळी ८४० मेगावॅट कमी पडतात. दुसरा, सगळे चालू ठेवायचे आणि दुपारचे ४०८ बाजारात मिळेल त्या भावाने विकायचे.

पैसे मोजू. दुपारी भाव दीड रुपया मिळाला असं धरा. चार संच चालू ठेवल्याने ४६२ मेगावॅट ३.९० ने पडतात, म्हणजे तासाला १८.०२ लाख रुपये. ते बंद असते तर त्यातले फक्त ५४ मेगावॅट 'क' गटातून २.४० ने घ्यावे लागले असते, म्हणजे १.३० लाख. विक्रीतून ६.१२ लाख परत येतात. निव्वळ जादा खर्च तासाला १०.६ लाख; असे चार तास धरले तर ४२ लाख. रात्री याच ४६२ मेगावॅटची जागा 'ख' गट ८० पैसे स्वस्तात भरू शकला असता, तिथे तासाला ३.७ लाख, आठ तासांचे ३० लाख. एकूण ७२ लाख.

आता संध्याकाळ. बाजारभाव ८ रुपये असेल तर ८४० मेगावॅटमागे युनिटला ४.१० वाचतात: तासाला ३४.४ लाख, चार तासांत १ कोटी ३८ लाख. संच चालू ठेवा. पण रविवार आहे, कारखाने बंद आहेत आणि संध्याकाळचा भाव साडेचार रुपयेच दिसतो आहे, तर फायदा जेमतेम २० लाख. मग ७२ लाख कशाला घालवायचे?

संच एका रविवारसाठी बंद करत नाहीत हेही लक्षात ठेवा. बंद-चालू करण्यात तेल जातं, बॉयलर आणि टर्बाइनला ताण बसतो. म्हणून हा हिशेब पुढच्या तीन-चार दिवसांचा एकत्र करायचा, आणि पाऊस सुरू होऊन मागणी आठवडाभर खाली बसणार असं दिसलं तरच संच राखीव बंदमध्ये, म्हणजे लागेल तेव्हा परत घेता येईल असे बंद करून, ठेवायचे. माझ्या मते शेड्यूलचं निम्मं कौशल्य या एका निर्णयात आहे. बाकीचं बरंचसं आता संगणक करतो.

पायरी ४: आता मेरिट ऑर्डर

कोणते संच चालू राहणार ते ठरलं की मगच यादी उघडा. यादीत फक्त बदलता खर्च असतो, म्हणजे मुख्यतः कोळसा आणि त्याचं भाडं. प्रकल्पाचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो, म्हणून तो क्रम लावताना धरत नाहीत. नव्यांना हे खटकतं: नवाकोरा, कार्यक्षम संच खाली आणि जुना वर कसा? उत्तर बहुतेक वेळा रेल्वेच्या भाड्यात असतं. कोरबा, सिपतसारखी खाणीच्या तोंडावरची केंद्रं स्वस्त पडतात. सोलापूरपर्यंत कोळसा आणायचा तर त्याची किंमत वाटेतच वाढते. क्रम दर महिन्याला नव्याने लागतो, जुनी प्रिंट टेबलाच्या काचेखाली ठेवू नका.

सगळ्यांना किमान भारावर ठेवा आणि वरची गरज स्वस्तापासून महागाकडे भरत जा. उतरताना उलट: महाग संच आधी बॅक डाऊन, म्हणजे त्याचं उत्पादन आधी कमी करायचं. आमच्या उदाहरणात पहाटे तीनला 'ग' गट ६९३ वर, 'क' पूर्ण ३,३०० वर आणि उरलेले १,४०७ 'ख' कडून. बेरीज ५,४००.

यादीबाहेर जाऊन चालवावे लागणारेही संच असतात. मुंबईत बाहेरून किती वीज आणता येते याला वाहिन्यांची मर्यादा आहे, म्हणून ट्रॉम्बे आणि डहाणू इथल्या वीजकेंद्रांचा विचार नुसत्या भावावर करून चालत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या पाठोपाठ गेल्या आणि मुंबई अंधारात गेली. त्यानंतर खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी आली, तरी शहराच्या पोटातले संच किती चालू आहेत हा प्रश्न प्रेषणवाला विचारतोच.

पायरी ५: पाणी शेवटी वाटा, पण काटकसरीने

जलविद्युतची गंमत अशी की तिचा बदलता खर्च जवळपास शून्य, तरी ती यादीत सगळ्यात वर घालून दिवसभर चालवली तर तुम्ही पाणी नासलं असा अर्थ होतो.

कोयना घ्या. एकूण क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं आहे, आणि त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. भाग करून पाहा: दिवसाला सरासरी ०.१८५ टीएमसी. सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून पडणाऱ्या एक टीएमसीतून साधारण सव्वातीन कोटी युनिट होतात, म्हणजे दिवसाच्या वाट्याला ६० लाख युनिट. टप्पा एक, दोन आणि चार मिळून १,६०० मेगावॅट पूर्ण चालवले तर हे पावणेचार तासांत संपतं. (तिसरा टप्पा त्याच पाण्यावर खाली आणखी थोडी वीज करतो, ती वेगळी.) त्यामुळे कोयनेचं पाणी कोणत्या ब्लॉकला सोडायचं हा रोजचा प्रश्न आहे, आणि मेमध्ये तो फार टोकदार होतो. ऑक्टोबरमध्ये उधळलेलं पाणी मेमध्ये आठवतं.

आमच्या उदाहरणात जलविद्युतला दिवसाला २५ लाख युनिट दिले आहेत असं समजा. १,००० मेगावॅट अडीच तास. संध्याकाळचं शिखर चार तासांचं असेल तर १,००० सलग धरू नका. बाजारातले सगळ्यात महाग ब्लॉक आणि सगळ्यात उभी चढण कुठे आहे ते पाहा, तिथे पूर्ण, बाजूला अर्धं. सपाट ६०० वजा जाता उरणारा नेट लोड दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सात या वेळात ३,२०० वरून ८,००० वर जातो. चौदा ब्लॉकमध्ये ४,८००, म्हणजे सरासरी ३४०. पण मावळतीच्या तासा-दीड तासात तो याच्या दुप्पट वेगाने चढतो, आणि नेमका तेव्हाच कोळसा मिल्सच्या पायऱ्यांवर अडकलेला असतो. तिथे पाणी सोडा.

घाटघरसारखा उदंचन प्रकल्प असेल तर दुपारचा प्रश्न थोडा हलका होतो. १२५ चे दोन संच दुपारी पंप म्हणून चालवून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडायचं. टाकलेल्या चार युनिटमागे तीन परत मिळतात असा ठोकताळा धरा; दुपारचा भाव संध्याकाळच्या पाऊण पटीहून कमी असला की फायदा.

पायरी ६: बाजार आणि राखीव

दुसऱ्या दिवसाच्या बाजारात, डीएएममध्ये, बोली सकाळी १० ते १२ मध्ये लावायची असते. त्यामुळे वरचा सगळा हिशेब त्याआधी कच्चा तरी तयार हवा. सगळी तूट इथेच भरायची की काही रिअल टाइम बाजारासाठी ठेवायची, यावर दोन माणसांची तीन मतं असतात. रिअल टाइम बाजार १ जून २०२० पासून आहे. दर अर्ध्या तासाला लिलाव, वीज तासाभराने. तिथे अंदाजाच्या चुका दुरुस्त करायच्या. ४४० मेगावॅटची माहीत असलेली तूट तिथे सोडणं हा जुगार आहे, कारण ज्या संध्याकाळी तुम्हाला कमी पडतं त्या संध्याकाळी शेजारच्या राज्यालाही पडतं.

राखीव म्हणून निदान सगळ्यात मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. इथे ते ६६०. भरलेल्या कोळशाच्या संचांत ते सापडणार नाही. थांबवून ठेवलेलं जलविद्युत यंत्र, बाजार, किंवा शेवटी भारनियमनाची यादी, यांतलं काहीतरी.

पायरी ७: दिवस उजाडल्यावर

आता फ्रिक्वेन्सीकडे नजर ठेवायची. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा ग्रिड कोडचा पट्टा. ती खाली जाऊ लागली की देशभर मागणी जास्त, उत्पादन कमी. वर गेली की उलट. तुमचं काम शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल, म्हणजे ग्रिडमधून खरोखर घेतलेली वीज, यांतला फरक आवरणं. फ्रिक्वेन्सी कमी असताना जास्त उचललंत तर डीएसएमखाली, म्हणजे शेड्यूलपासून ढळल्याचा हिशेब लावणाऱ्या यंत्रणेखाली, दंड बसतो, महाराष्ट्रात ही राज्यांतर्गत यंत्रणा ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत लागोपाठ दोनदा अंधारात गेला, त्यामागच्या कारणांत शेड्यूलपेक्षा जास्त उचल हे एक होतं.

बदल आत्ता सांगितला म्हणून आत्ता होत नाही. केंद्रीय प्रकल्पांच्या शेड्यूलमधला बदल लागू व्हायला साधारण दीड-पावणेदोन तास जातात. चारला ढग दिसले तर पाचचं काही करता येत नाही, साडेपाचचं करता येतं. मधल्या वेळाला पाणी.

पाणी काय करू शकतं हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने पडली आणि तेवढीच परत चढली. त्यासाठी जलविद्युत आधी चढवून ठेवली होती आणि मग देशभरात सुमारे १७,५०० मेगावॅट उतरवली गेली. कोळशावर हे जमलं नसतं. त्या रात्रीचा आलेख मिळवून त्यातली जलविद्युतची रेघ वेगळी पाहा.

सरावासाठी असं करा. मेरिट ऑर्डर आणि राज्याची चालू मागणी भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर दिसते. एका रविवारचे आणि त्यानंतरच्या मंगळवारचे आकडे तासातासाला उतरवून घ्या, सौर वजा करा, दोन्ही रेघा एकाच कागदावर काढा. दुपारच्या तळाशी आडवी रेघ मारा आणि तिच्याखाली ५५ टक्क्यांच्या हिशेबाने किती संच मावतात ते मोजा. मग संध्याकाळकडे जा.